"तू कोणाचो?" विचारायच्या आधी जेवलास का ते विचारा

आमच्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "तू कोणाचो?" म्हणजे कुठल्या घरातला, कुठल्या वाडीतला, आज्याचं नाव काय. यात वाईट काही नाही, मला स्वतःला हा प्रश्न आवडतो, मुंबईहून कुणी चाकरमानी आला आणि त्याने आज्याचं नाव सांगितलं की दोन मिनिटांत नातं निघतं आणि चहाचं आधण चढतं. पण हाच प्रश्न ओडिशातल्या सुंदरगडहून आलेल्या खलाशाला विचारलात तर तो काय सांगणार? त्याच्या बापाचं नाव आपल्याला काय कळणार? तो बिचारा "ओडिशा" म्हणतो आणि गप्प होतो, मग आपणही गप्प, आणि तो शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

मी आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं मिस्सानंतरचा, म्हणजे आमच्या उपासनेनंतरचा, चहा बघते. नव्याने येणाऱ्यांना सांभाळायचं काम माझ्याकडे कुणी मुद्दाम दिलं नाही, चहाचं पातेलं माझ्या ताब्यात होतं म्हणून आपोआप आलं. आता आजूबाजूच्या गावांतल्या मंडळींनी विचारलं की तुम्ही काय काय करता ते लिहून द्या, म्हणून हे. आम्ही कॅथलिक आहोत त्यामुळे काही गोष्टी आमच्या पद्धतीच्या आहेत, तुमचं चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा दुसरं असेल तर तेवढ्या बदलून घ्या.

आधी बघा येतंय कोण

"बाहेरचे" असं एक नाव देऊन मोकळं होऊ नका, प्रत्येकाची गरज वेगळी असते. बोटींवर खलाशी येतात, ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, नेपाळ. त्यांचं वर्ष आपल्यासारखं जानेवारीत सुरू होत नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये येतात आणि मे संपता संपता गावी जातात. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, बायकापोरांसकट, बऱ्याचदा बागेतल्याच खोपटात. हॉस्पिटलात केरळच्या नर्स असतात. बँकेत बदलीवर आलेले, शाळेत नव्याने लागलेले, आणि डिसेंबरात टुरिस्ट.

यातल्या टुरिस्टचं स्वागत आपल्याला छान जमतं. "येवा, कोकण आपलाच आसा" हा बोर्ड त्याच्यासाठीच तर आहे, तो पैसे देऊन राहतो. जो आपली जाळी ओढतो आणि आपली कलमं राखतो त्याला हा बोर्ड लागू आहे का, ते तुमचं तुम्ही बघा.

आणि कुणी कुरकुर केली ना की "कोण हे आता चर्चमध्ये येऊन बसतात", तर त्याला शांतपणे आठवण करून द्या की इथल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची मुळं गोव्यात आहेत, तेरेखोल ओलांडून आलेले आपण. तेव्हा आपणही कुणाचेच नव्हतो, कुणीतरी जागा दिली म्हणून घरं बांधली. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही पण आजीच्या तोंडचे निम्मे शब्द गोव्याचे होते.

वेळ

स्वागताची सगळी तयारी करून माणूस येतच नसेल तर बहुतेक वेळा वेळ चुकलेली असते. रविवारी सकाळी आठची मिस्सा आपल्याला सोयीची, पण बोट त्या वेळी समुद्रात असू शकते आणि एप्रिल-मेमध्ये बागेत आंबा काढणी आणि पेट्या भरणं चालू असताना कुणाला रविवार मिळत नाही. कॅथलिक नियमात शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, फादरना विचारून महिन्यातून एकदोनदा ती ठेवता आली तर बघा, आमच्याकडे त्याने खूप फरक पडला.

नेपाळी ख्रिस्ती लोकांचं अजून एक असतं जे मला आधी माहीतच नव्हतं. नेपाळात पिढ्यानपिढ्या सुट्टी शनिवारची, त्यामुळे तिथली मंडळी उपासनेला शनिवारी जमतात. एक बाई बागेतनं तीन किलोमीटर चालत शनिवारी सकाळी आली, चर्चला कुलूप, परत गेली. दुसऱ्या शनिवारी परत तेच. आम्हाला वाटत होतं ही रविवारी का येत नाही.

दारावर कोण उभं राहणार

तरुण पोरांना उभं करू नका, ती मोबाइल बघतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी जी नियमावली लिहिली तिचा ५३ वा अध्याय पूर्ण पाहुण्यांवर आहे, येणाऱ्या प्रत्येकाला ख्रिस्त समजून आत घ्या असं, आणि पुढे ६६ व्या अध्यायात दारावरचा माणूस कसा असावा ते सांगितलंय, समंजस म्हातारा, निरोप घेता-देता येणारा, आणि वयामुळे इकडेतिकडे भटकणार नाही असा. वाचून मला हसूच आलं कारण असे रिटायर्ड काका प्रत्येक गावात दोनचार असतात, तारवटी म्हणजे खलाशी झालेले, जहाजावरनं किंवा मुंबईच्या नोकरीतनं परत आलेले. ते स्वतः परक्या बंदरात राहिलेले असतात ना, त्यांना काही शिकवावं लागत नाही.

दारावरच्या माणसाने करायचं इतकंच. हसायचं, नाव विचारायचं, आणि नाव नीट ऐकायचं. प्रत्येक नेपाळी माणसाचं नाव बहादूर नसतं आणि "ए गुरखा" हे तर नावच नाही. दोन शब्द त्यांचे शिकून घ्या, नेपाळी ख्रिस्ती भेटला तर "जय मसीह", झारखंडकडचा असला तर "जय येसु", बघा चेहरा कसा खुलतो. मग "जेवलास? चाय घेतलंस?" कोणाचो वगैरे नंतर कधीतरी.

चपलांचं लक्षात ठेवा. नेपाळ-झारखंडकडचे बरेच जण चर्चमध्ये अनवाणी येतात, आपण चपला घालून आत जातो. एकटा माणूस दाराशी चपला काढतो, आत येऊन बघतो तर सगळ्यांच्या पायात चपला, तिथेच तो ओशाळतो, आणि बाहेर पावसात चपला भिजतात किंवा कुत्रं उचलून नेतं. आम्ही पडवीत एक लाकडी मांडणी ठेवली, खर्च काहीच नाही, आणि आता आमच्यातल्याही काही बायका चपला बाहेर काढतात.

बाकांचं मात्र भांडण होईल, तयारी ठेवा. गावाकडे प्रत्येक घराचा बाक ठरलेला, पाटी नसली तरी सगळ्यांना माहीत. नवा माणूस चुकून पुढे बसला की मागनं कुजबुज. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हेच आहे, सोन्याची अंगठीवाल्याला "इथे बसा" आणि मळक्या कपड्यांतल्याला "तिथे उभा राहा". आम्ही उपाय केला तो असा की ज्यांचे बाक आहेत त्यांनी आत सरकून बसायचं, कडेची जागा मोकळी ठेवायची. उशिरा येणाऱ्याला कुणाच्या मांडीवरनं जावं लागत नाही. एक मावशी अजून सरकत नाहीत, चालायचंच.

टाळ्या वाजवू नका

ही माझी स्वतःची चूक आहे म्हणून सविस्तर सांगते. दोन झारखंडी पोरं पहिल्यांदा आली, वीसबावीस वर्षांची, मला इतका आनंद झाला की मी फादरना चिठ्ठी पाठवली आणि शेवटच्या घोषणांमध्ये त्यांना उभं करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वर कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी ती आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी मासळी घ्यायला जेटीवर गेले तेव्हा त्यातला एक जाळं शिवत बसलेला दिसला, विचारलं तर आधी मान खाली, मग हिंदीत म्हणाला की आंटी आम्ही बोटीवरनं सरळ आलो होतो, कपड्यांना मासळीचा वास येत होता, मागे बसलो होतो कुणाच्या नाकात जाऊ नये म्हणून, आणि तुम्ही सगळ्यांसमोर उभं केलंत.

मी काय बोलणार. सॉरी म्हटलं आणि तिथेच त्याच्या बाजूला पालथ्या क्रेटवर बसले. आपल्या हातात बांगड्याची पिशवी, आपल्याला कसला वास.

तेव्हापासून नियम, पहिल्या दिवशी माइकवर कुणाचंही नाव नाही. फोटो नाही. ज्याला स्वतःची ओळख करून द्यायची तो देईल. पहिल्या रविवारी एका माणसाने त्याच्या बाजूला बसायचं, गीताच्या पुस्तकाचं पान काढून द्यायचं, कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे ते नुसत्या खुणेने, आणि दुसऱ्या रविवारी त्याच माणसाने त्याला नावाने हाक मारायची. खरं काम दुसऱ्या रविवारचं आहे. पहिल्या रविवारी आपण सगळेच गोड असतो.

कम्युनियन

सगळ्यात जास्त लोक इथे दुखावतात म्हणून हे नीट करा. कॅथलिक मिस्सामध्ये कम्युनियन, म्हणजे रांगेत जाऊन आशीर्वादित भाकर घेणं, फक्त कॅथलिकांना, काही अपवाद असतात ते फादर बघतील. येणारा माणूस लुथेरन असेल, पेंटेकॉस्टल असेल, हिंदू शेजारी असेल, त्याला हे माहीत नसतं, तो सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहतो. रांगेत असताना मागनं बाही ओढून "तुम्ही नाही हां" असं कधीही करू नका. मी हे होताना बघितलंय आणि ती बाई नंतर चर्चच्या आवारातही आली नाही.

मिस्सा सुरू व्हायच्या आधी बाजूला बसणाऱ्याने साध्या शब्दांत सांगायचं, आमच्याकडे असा नियम आहे, तुम्ही बसून प्रार्थना केलीत तरी चालेल, किंवा रांगेत येऊन छातीवर हात आडवे धरलेत तर फादर आशीर्वाद देतात. आमच्याकडे देतात, तुमच्या फादरना आधी विचारून ठेवा. आणि सांगताना असं सांगा की जणू तुमच्याच घरातला नियम पाहुण्याला सांगताय, पोलिसासारखं नको.

उलटी चूक केरळच्या नर्सच्या बाबतीत होते. त्यातल्या बऱ्याच सिरो-मलबार असतात, त्यांची उपासनाविधी वेगळी पण त्या पूर्ण कॅथलिक आहेत, रोमशी जोडलेल्या, त्यांना कम्युनियन घ्यायला कसलीच आडकाठी नाही. तरी आपल्यातलं कुणीतरी विचारतंच की "तुम्ही खऱ्या कॅथलिक ना?" हे विचारू नका प्लीज. आणि सगळे मल्याळी सिरो-मलबारच असं पण नाही, कुणी ऑर्थोडॉक्स, कुणी मार्थोमा, ती वेगळी चर्च, त्यांना विचारलंत तर ते आनंदाने सांगतात, केरळात ख्रिस्ती धर्म आणला म्हणतात त्या संत थोमापासून सुरू करतात आणि मग अर्धा तास गेला समजा.

भाषा

पूर्ण मिस्सा हिंदीत करायची गरज नाही, मराठी माणसाला मराठी मिस्सा मिळायलाच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं, तोवर सगळं लॅटिन, ती आपली कमाई आहे. पण एक सोपी गोष्ट आहे. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, जे इथे वाचतात तेच त्या रविवारी सुंदरगडात आणि रांचीत वाचतात. म्हणजे त्या पोराला वाचनाचा संदर्भ आधी पाठवून ठेवला तर तो मोबाइलवर आपल्या भाषेत तोच उतारा उघडून बसतो. उडिया, हिंदी, नेपाळी, सगळ्या भाषांतलं बायबल फोनवर फुकट मिळतं. विश्वासूंच्या प्रार्थनेतली एक प्रार्थना हिंदीत किंवा नेपाळीत होऊ द्या, एकच, तेवढ्याने पुरतं.

आपल्या बोलण्यातले घरगुती शब्द पण सांभाळा. तेर्स, लादिन, फेस्त, नोव्हेना, खुरीस, बाहेरच्याला यातलं काहीच कळत नाही. कोर्लईला जाऊन बघा, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, तिथले ख्रिस्ती लोक आपसात पोर्तुगीजमधनं तयार झालेली क्रिस्ती बोलतात, मी मराठी, ख्रिस्ती, कोकणातली, तरी दहा मिनिटं नुसती हसत उभी होते. तेव्हा कळलं आपल्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, आलेल्याला कसं वाटत असेल.

खाणंपिणं

यात आपल्याला कुणी शिकवायला नको, दारात आलेल्याला गूळपाणी देणारी माणसं आपण. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात अब्राहामाची गोष्ट आहे, भर उन्हात तीन अनोळखी माणसं दिसली तर हा म्हातारा धावत गेला, पाय धुवायला पाणी दिलं, म्हणाला थोडी भाकर आणतो, आणि आत जाऊन बायकोला तीन मापं सपीठ मळायला लावलं आणि वर नोकराला वासरू कापायला सांगितलं. हे अगदी आपलं "च्या तरी घेवन जा" आहे, चहा म्हणून बसवतात आणि माशाचं जेवण झाल्याशिवाय सोडत नाहीत. (मळायला सारालाच लागलं, हेही आपल्यासारखंच.)

फक्त एक, काय आहे ते आधी सांगा. सोरपोतेल डुकराच्या मटणाचं असतं हे आपल्याला माहीत, शेजारच्या वाडीतल्या मुसलमान पाहुण्याला सुगंधावरनं कळणार नाही. ख्रिसमसला आमच्याकडे आता तीन टेबलं वेगळी असतात, शाकाहारी, कोंबडी-मासळी आणि पोर्क, वाढायचे डाव पण वेगळे, आणि टेबलावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. नेवऱ्या, दोदोल असलं गोड सगळ्यांना चालतं. वाइन कुणाच्या हातात आपणहून कोंबू नका.

मदत करताना

परक्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडते ती माहिती. त्याच्या गावचं रेशनकार्ड असेल तर वन नेशन वन रेशन कार्डमुळे आधार लावून इथल्या रेशन दुकानात त्याचं धान्य मिळू शकतं, हे बऱ्याच खलाशांना माहीत नसतं. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगाराची सरकारी नोंद, काढून द्यायला एक शिकलेलं पोर आणि एक मोबाइल पुरतो. नेपाळी नागरिकांना या दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत, त्यांना उगाच रांगेत उभं करू नका. त्यांच्या मुलांच्या शाळेचं बघा, ते जास्त महत्त्वाचं.

मदत आणि चर्चला येण्याचं आमंत्रण या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच पिशवीत देऊ नका. तांदूळ देताना पत्रक द्यायचं नाही. माणसाला वाटतं की आता रविवारी गेलं पाहिजे, नाहीतर तांदूळ बंद, आणि गावात वेगळीच चर्चा सुरू होते ती निराळी. जो येईल तो आपल्या मनाने येईल, नाही आला तरी तांदूळ तेवढेच. रोख पैसे उसने स्वतः देऊ नका, मंडळातर्फे दोघांनी मिळून ठरवा. आणि मुलांचा वर्ग कुणालाही, नवा असो की गावचा, एकट्याच्या हाती सोपवू नका.

पाहुण्याला कामाला लावा

पाहुणा किती दिवस पाहुणा? खळ्यात बसवला, पडवीत बसवला, चहा दिला, पण माजघरात घेतलाच नाही तर तो वर्षभराने पण पाहुणाच. आपल्या घरात एखादी बाई आपली कधी होते? ती उठून स्वतः खोबरं खवायला घेते तेव्हा. म्हणून दोनतीन महिन्यांत काहीतरी काम द्या, मोठं नको. आमच्या फेस्ताचा मांडव आता खलाशी पोरं बांधतात, त्यांच्या गाठी एकदा बसल्या की वाऱ्याने सुटत नाहीत, आधी दरवर्षी एक कोपरा उडायचा. ख्रिसमसला त्यांनी मांदर वाजवला, छोटानागपूरकडचा ढोल, कुठून आणला देव जाणे, कॉयरवाल्यांची नाकं आधी मुरडली होती आणि नंतर तेच ताल धरत होते. केरळच्या नर्सनी आजारी म्हाताऱ्यांचं बीपी तपासायचं घेतलंय.

आणि त्यांनी बोलावलं तर जा. हे आपल्याला जड जातं, आपल्याला वाढायची सवय, वाढून घ्यायची नाही. प्रेषितांच्या कृत्यांत २७ व्या अध्यायाच्या शेवटी पौलाचं जहाज फुटतं आणि २८ व्यात माल्टा बेटावरची अनोळखी माणसं पावसात, थंडीत शेकोटी पेटवून त्याला शेकायला बसवतात, तिथे पौल पाहुणा आहे, यजमान नाही. बागेतल्या त्या नेपाळी बाईने मला एकदा खोपटात बोलावून मोमो खायला घातले, स्टूल एकच होतं, मला त्यावर बसवून ती जमिनीवर. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पण खाली बसले, मग ती हसली आणि स्टूल रिकामंच राहिलं.

वही

शेवटची गोष्ट जरा कडू आहे पण लिहिते. समुद्रावर माणसं जातात तिथे कधी ना कधी एखादा परत येत नाही, किंवा येतो तो वेगळ्या प्रकारे येतो. त्या रात्री "याला आपल्या सिमेट्रीत जागा द्यायची का" यावर मीटिंग घेत बसू नका, ते आधीच पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळात, ठरवून लिहून ठेवा. तो कॅथलिक नसला, दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा असला आणि त्याचा स्वतःचा पाळक मिळण्यासारखा नसला, तर बिशपांच्या परवानगीने आपल्या चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी होऊ शकतो, कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातच, तशी सोय आहे, फक्त त्याची स्वतःची इच्छा त्याच्या विरुद्ध नसली पाहिजे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि मग माणूस शवागारात पडून राहतो.

त्यासाठी वही ठेवा. साधी दोनशे पानी. तो स्वतः जसं उच्चारतो तसं नाव, गाव, जिल्हा, घरच्यांचा फोन नंबर, कुठल्या बोटीवर किंवा बागेत, वाढदिवस सांगितला तर तो. त्याला विचारून लिहा, नको म्हणाला तर नको, आणि वही कपाटात ठेवा, ग्रुपवर टाकू नका.

ती वही मी जुलैत बाहेर काढते. बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो, चर्चमध्ये आपलीच पंधरावीस डोकी. दुपारी एकेकाला फोन लावते, पेरणी झाली का, आईचा गुडघा कसा आहे, पोरगं कितवीत गेलं. त्या जाळं शिवणाऱ्या पोराला गेल्या वर्षी लावला तर म्हणाला, आंटी, मांडवाची सुतळी या वेळी कौन्सिलवाल्यांना आणायला सांगू नका, ती कच्ची असते, मी येताना घेऊन येतो.